नामफलक की जाहिरात? आदिलाबादचा दुकानदार, नगरपालिका आणि पाटीचा कायदा

दुकानाच्या दर्शनी भागावरची पाटी मालकाच्या खासगी भिंतीवर असते, पण ती वाचली जाते सार्वजनिक रस्त्यावरून, आणि या एका गोष्टीमुळे ती नगरपालिकेच्या अधिकारकक्षेत येते. नोटीस हाती पडली की दुकानदार म्हणतो, हे आपल्या दुकानाचे नाव आहे. नगरपालिका म्हणते, ही जाहिरात आहे आणि तिला परवानगी घेतलेली नाही. वरवर पाहता हा एका पत्र्याचा किंवा फ्लेक्सचा वाद वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्यात परवानगी, पैसा आणि भाषा असे तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात, त्या प्रत्येकाचा कायदा निराळा असतो आणि बहुतेक वेळा अधिकारीही निराळा असतो. लहान दुकानदाराची अडचण होते ती बहुधा याच सरमिसळीमुळे, कारण आपण नेमके कशाचे उत्तर देत आहोत हे न समजताच तो एकतर दंड भरून मोकळा होतो किंवा जेथे वाद घालायला नको तेथे वाद घालत बसतो.

सीमेवरचा जिल्हा, दोन कायद्यांचा शेजार

तेलंगणाच्या उत्तर टोकाचा आदिलाबाद जिल्हा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचा आहे. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो, कापसाच्या हंगामात दोन्ही बाजूंच्या गाड्या बाजाराचा भाव पाहून इकडून तिकडे जातात आणि बेला, जैनद यांसारख्या सीमेलगतच्या मंडलांत मराठी ही घरातली व बाजारातली भाषा आहे. १९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली, तेव्हा हैदराबाद राज्यातल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखाकडे गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात, २०१४ पासून तेलंगणात राहिला आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले.

याचा व्यावहारिक परिणाम असा की, किनवटमध्ये एक आणि आदिलाबादमध्ये एक अशी दोन दुकाने चालवणाऱ्या व्यापाऱ्याला दोन वेगळ्या नियमावल्या पाळाव्या लागतात. किनवटची नगरपरिषद महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालते, तर आदिलाबाद शहराला तेलंगणा नगरपालिका अधिनियम, २०१९ लागू आहे, ज्याने १९६५ पासून चालत आलेला जुना अधिनियम बाजूला सारला. शहराबाहेरच्या गावांत तेलंगणा पंचायत राज अधिनियम, २०१८ नुसार ग्रामपंचायतीचा अंमल असतो. आणि दुकान राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या हद्दीत डोकावत असेल, तर महामार्गाच्या जमिनीवरील ताब्याविषयीचा २००२ चा केंद्रीय कायदा आडवा येतो, ज्यात नगरपालिकेची परवानगी पुरेशी ठरत नाही. तेव्हा पाटीच्या वादात पहिला प्रश्न पाटीवर काय लिहिले आहे हा नसून, ती उभी असलेली जागा कोणाच्या हद्दीत येते हा असतो.

एकाच दुकानाच्या चार पाट्या

नाव आणि जाहिरात यांतली सीमारेषा कोठे पडते हे पाहण्यासाठी मार्केट यार्डाजवळचे बियाणे-खतांचे एखादे दुकान डोळ्यांसमोर आणता येईल. त्याच्या शटरवर रंगवलेल्या पत्र्याची पाटी असते, जिच्यावर दुकानाचे नाव, प्रोप्रायटरचे नाव आणि काय मिळते त्याची एक ओळ असते. तिच्या शेजारी कंपनीने फुकट दिलेला, आतून दिवे असलेला फलक असतो, ज्याचा तीन चतुर्थांश भाग कपाशीच्या वाणाचे चित्र आणि कंपनीचे बोधचिन्ह यांनी व्यापलेला असतो आणि दुकानाचे नाव खालच्या पट्टीत कसेबसे बसवलेले असते. खरिपाच्या तोंडावर समोरच्या विजेच्या खांबाला नव्या वाणाचा फ्लेक्स बांधला जातो, आणि गच्चीवर लोखंडी अँगलच्या सांगाड्यात एखादा मोठा फलक उभा असतो, जो दोन गल्ल्या पलीकडूनही दिसतो.

दुकानदाराच्या दृष्टीने या चारही पाट्या एकाच माळेचे मणी असतात, कारण चारही त्याच्याच धंद्यासाठी लावलेल्या असतात. कायदा मात्र त्यांना चार वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. या बाबतीत मुंबई महानगरपालिका अधिनियमातली विभागणी बोलकी आहे. त्याच्या कलम ३२८ मध्ये ‘आकाशचिन्ह’ हा प्रकार येतो. इमारतीवर खांब, चौकट किंवा सांगाडा यांच्या आधाराने उभारलेला आणि रस्त्यावरून पाहिल्यास आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक, असा त्याचा अर्थ आहे. कलम ३२८-अ हे इतर जाहिरातींसाठी असून, त्यात आयुक्तांची लेखी परवानगी आवश्यक ठरवली आहे. परंतु जो फलक प्रकाशित नाही, जो आकाशचिन्ह नाही आणि जो त्याच इमारतीत चालणाऱ्या व्यवसायाविषयी आहे, त्याला या परवानगीतून सूट दिलेली आहे. म्हणजे शटरवरचा रंगवलेला पत्रा तेथे सुटतो, त्याच पाटीत दिवे बसवले की ती परवानगीच्या कक्षेत येते आणि गच्चीवरचा सांगाडा तर पहिल्यापासूनच वेगळ्या कलमाखाली जातो. हा मुंबईचा कायदा आदिलाबादला लागू नाही, परंतु नाव, प्रकाश, उंची आणि जागा या चार निकषांवर फलक पारखण्याची पद्धत समजून घेण्यास तो उपयोगी पडतो.

मुंबईतला एटीएमचा वाद

सीमारेषेचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो एका बँकेमुळे. एटीएम केंद्रांवरील बँकेच्या नावाचे प्रकाशित फलक ही जाहिरात आहे, म्हणून त्यासाठी परवानगी घ्यावी आणि शुल्क भरावे, अशी भूमिका बृहन्मुंबई महानगरपालिकेने घेतली होती, आणि आयसीआयसीआय बँकेने तिला आव्हान दिले होते. २००५ सालच्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, एखाद्या ठिकाणी कोणती सेवा मिळते आणि ती कोण देते, एवढीच माहिती देणारा फलक आपोआप जाहिरात ठरत नाही. जाहिरात म्हणण्यासाठी त्यात ग्राहकाला ओढून घेण्याचा व्यापारी हेतू दिसला पाहिजे.

वाद एका बड्या बँकेने लढवला असला तरी त्याचे फळ लहान दुकानदारालाही मिळते, कारण मोठे वकील लावण्याची ऐपत नसलेल्याच्या वतीनेही हा युक्तिवाद आता करता येतो. मात्र त्याची मर्यादाही तितकीच ध्यानात घ्यावी लागते. वर वर्णन केलेल्या कंपनीच्या फलकावर दुकानाचे नाव असले, तरी त्याचा मुख्य भाग दुसऱ्याच्या मालाची भलामण करतो, आणि अशा वेळी ‘हे माझे नाव आहे’ हा बचाव फारसा टिकत नाही. फुकट मिळालेल्या पाटीचा खर्च वाचतो, परंतु परवानगीची जबाबदारी कंपनीची नव्हे, दुकानदाराची असते. नोटीस आली की कंपनीचा वितरक हात वर करतो आणि प्रकरण दुकानदाराच्या अंगाशी येते. खांबावरच्या फ्लेक्सला तर कोणताच बचाव नाही, कारण तेथे भिंतही त्याची नाही आणि खांबही त्याचा नाही; सार्वजनिक जागांचे विद्रूपीकरण रोखणारा १९९७ चा आंध्र प्रदेशचा कायदा तेलंगणातही चालत आलेला आहे, आणि महाराष्ट्रात याच कामासाठी १९९५ चा कायदा आहे.

कर, शुल्क, भाडे आणि दंड

पैशाचा प्रश्न हा परवानगीच्या प्रश्नाहून निराळा आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्यात मोठा बदल झाला आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ५५ क्रमांकाची नोंद होती, जिच्यामुळे वृत्तपत्रे, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांखेरीज इतर जाहिरातींवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना होता, आणि राज्यांच्या कायद्यांमार्फत तो नगरपालिकांकडे येत असे. वस्तू आणि सेवा कराची वाट मोकळी करणाऱ्या २०१६ च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने ही नोंद वगळली, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि जाहिरातीची सेवा त्याच्या कक्षेत गेली. अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही, म्हणून ‘जाहिरात कर’ या नावाने नगरपालिकेने आज काही मागितले, तर तो अधिकार कोठून आला हे विचारण्याचा हक्क दुकानदाराला आहे.

यावर नगरपालिकांचे उत्तर तयार असते, ते म्हणजे ही रक्कम कर नसून परवाना शुल्क आहे. कर आणि शुल्क यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात सविस्तर मांडला होता. कर हा सर्वसाधारण महसुलासाठी असतो आणि त्याच्या मोबदल्यात काही मिळेलच असे नसते, तर शुल्काचा संबंध दिलेल्या सेवेशी असतो. पुढे या भूमिकेत बारकावे आले, आणि त्यांतला एक निकाल खास हैदराबादचा आहे. सिकंदराबाद-हैदराबादच्या हॉटेल मालकांच्या संघटनेने महानगरपालिकेच्या परवाना शुल्काला आव्हान दिले असता, १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, परवाना शुल्क नियमनासाठी असेल तर त्याच्या बदल्यात प्रत्यक्ष सेवा दाखवण्याची गरज नाही. मात्र ते अवाजवी असता कामा नये. याचा अर्थ नगरपालिका शुल्क घेऊ शकते, पण शुल्काच्या नावाखाली गेलेला कर परत आणू शकत नाही. फलकाची तपासणी, नोंद आणि देखरेख यांच्याशी रकमेचा काहीतरी मेळ बसला पाहिजे.

तिसरा प्रकार भाड्याचा. फलक पदपथावर, दुभाजकावर किंवा नगरपालिकेच्या मालकीच्या अन्य जागेवर असेल, तर ती संस्था जागेची मालक म्हणून भाडे घेते आणि तो व्यवहार करारासारखा असतो. चौथा प्रकार दंडाचा, जो नियमभंग सिद्ध झाल्यावरच येतो. एकाच पावतीवर हे सारे प्रकार एका आकड्यात दाखवले गेले की दुकानदाराला हरकत कशाला घ्यावी हेच कळत नाही. शिवाय व्यवसाय परवान्याचे, म्हणजे ट्रेड लायसन्सचे शुल्क वेगळेच असते आणि ते भरले म्हणजे फलकाची परवानगी मिळाली असे होत नाही, हा गैरसमज अनेक वादांच्या मुळाशी असतो.

नियंत्रण का हवे

दुकानदाराच्या बाजूने एवढे सांगितल्यावर नगरपालिकेची बाजूही तेवढ्याच नेटाने मांडायला हवी. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळलेले होर्डिंग सुमारे १२० फूट लांब आणि तेवढेच रुंद होते, तर महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. त्या दुर्घटनेत १७ जणांचे प्राण गेले. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली असल्यामुळे महापालिकेच्या परवानगीची गरज नाही, असा समज तेथे बाळगला गेला होता. त्याआधी १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे होर्डिंग पडून पाच जण दगावले होते, आणि ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यातल्या जुन्या बाजाराजवळ रेल्वेच्या हद्दीतला सांगाडा पडून चार. वाहतुकीला धोका ठरणारी रस्त्याकडेची होर्डिंग्ज हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीबाबत १९९७ मध्येच दिला होता, आणि होर्डिंगांना परवाना सक्तीचा करणारे तमिळनाडूचे नियम २००८ मध्ये वैध ठरवले होते. तेलंगणा सरकारने एप्रिल २०२० च्या आदेशाने हैदराबाद महानगरात जमिनीपासून १५ फुटांहून उंच जाहिरात फलकांना मनाई केली, त्यामागेही हाच विचार होता.

जाहिरात हीदेखील अभिव्यक्तीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या टाटा प्रेस खटल्यात मान्य केले आहे, आणि व्यवसायाचा हक्क अनुच्छेद १९ मध्येच आहे. परंतु दोन्ही हक्कांवर वाजवी निर्बंध घालता येतात, आणि पडणाऱ्या लोखंडापासून रस्त्यावरच्या माणसाला वाचवणे यापेक्षा अधिक वाजवी निर्बंध सापडणे कठीण. प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. शेकडो फुटांच्या सांगाड्यासाठी लिहिलेला नियम शटरवरच्या चार फुटी पत्र्याला जसाच्या तसा लावला, तर त्याचा हेतूच हरवतो. आणि मोठ्या होर्डिंगवर कारवाई रेंगाळत असताना लहान दुकानदारावरच बडगा उगारला गेला, तर नियमाविषयीचा आदरही हरवतो.

पाटीची भाषा

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि सीमाभागात तो सर्वांत हळवा. तेलंगणात दुकाने व आस्थापनांच्या नियमांनुसार नामफलकावर तेलुगू असणे आवश्यक आहे आणि अन्य भाषा तिच्यासोबत वापरता येतात. उर्दू ही २०१७ पासून राज्याची दुसरी राजभाषा आहे. त्यामुळे आदिलाबादच्या बाजारात तेलुगू, उर्दू, इंग्रजी आणि कोठेकोठे मराठी अशी अक्षरे एकाच पाटीवर नांदताना दिसतात. नदीपलीकडे याच नियमाची दुसरी बाजू आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी सक्तीची केली आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असे ठरवले. मराठी पाट्यांच्या सक्तीविरुद्ध मुंबईच्या किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळून २५ हजार रुपयांचा भुर्दंड बसवला, आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलण्यास सांगितले. बेळगावातल्या मराठी दुकानदाराला कर्नाटकच्या ६० टक्के कन्नडच्या नियमाला तोंड द्यावे लागते.

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष सोपा आहे: राज्यभाषा पाटीवर असावी ही सक्ती न्यायालयांनी उचलून धरली आहे, म्हणून तिच्याविरुद्ध लढण्यात लहान दुकानदाराचा पैसा वाया जातो, पण राज्यभाषा असताना तिच्यासोबत आपली भाषा लिहिणे हा नियमभंग नाही. आदिलाबादमधील दुकानदाराने तेलुगू लिहून मराठी ठेवली, तर केवळ मराठीमुळे त्याची पाटी काढता येत नाही. शिवाय भाषेची तपासणी हे कामगार खात्याच्या कायद्याचे अंग असल्यामुळे, जाहिरातीच्या नोटिशीत भाषेचा मुद्दा घुसडला गेला असेल तर तो वेगळा काढून पाहावा लागतो.

बेकरीवरचे डोंगर आणि साओ पाउलोचे कोष्टक

हा वाद केवळ भारताचा नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कॉनवे या लहान गावात लेव्हिट्स कंट्री बेकरीच्या दारावर शाळकरी विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये एक चित्र रंगवले, ज्यात उगवत्या सूर्याखालचे डोंगर डोनट आणि मफिनचे होते. गावाच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे असे पडले की, खरे डोंगर रंगवले असते तर ते चित्र ठरले असते, परंतु बेकरी जे विकते तेच रंगवल्यामुळे ती पाटी झाली आणि पाटी म्हणून ती मर्यादेपेक्षा कितीतरी मोठी आहे. बेकरीच्या मालकाने २०२३ मध्ये दावा लावला आणि २०२५ मध्ये संघराज्य न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. याउलट, दुकानाच्या जागेवरचा फलक आणि अन्यत्रची जाहिरात यांत भेद करण्याचा ऑस्टिन शहराचा अधिकार त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला. दोन्ही निकाल एकत्र वाचले की दिसते, फलक कोठे आहे यावरून भेद करणे सोपे जाते, फलकात काय दाखवले आहे यावरून भेद करू लागले की प्रशासन अडचणीत येते.

ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने २००६ मध्ये ‘स्वच्छ शहर’ कायदा करून यातून सरळ मार्ग काढला. १ जानेवारी २००७ पासून तेथे मोठ्या जाहिरात फलकांवर संपूर्ण बंदी आली, परंतु दुकानाच्या नावाच्या पाटीला दर्शनी लांबीनुसार ठरीव माप दिले गेले: १० मीटरपेक्षा कमी दर्शनी भागासाठी दीड चौरस मीटर, त्याहून मोठ्या, १०० मीटरपर्यंतच्या दर्शनी भागासाठी चार चौरस मीटर. कायदा कडक होता, आणि सुरुवातीला व्यापाऱ्यांचा विरोधही होता. पण आपली पाटी नियमात बसते की नाही हे दुकानदाराला कोणाच्या दारात न जाता, स्वतः मोजपट्टी लावून कळू लागले.

नोटीस आल्यावर

आदिलाबादसारख्या शहरातल्या दुकानदारासाठी या साऱ्याचे तात्पर्य व्यवहारात उतरवता येते. तोंडी आदेशावर पाटी काढली किंवा रोख रक्कम दिली, तर पुढे दाद मागायला आधारच उरत नाही. म्हणून कोणत्या अधिनियमाचे कोणते कलम मोडले, फलकाचे कोणते माप किंवा कोणती जागा आक्षेपार्ह आहे आणि मागितलेली रक्कम कर, शुल्क, भाडे की दंड यांपैकी काय आहे, हे तिन्ही मुद्दे लेखी मागून घेणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे दुकानाच्या दर्शनी भागाचे तारखेसह छायाचित्र, मापे, ट्रेड लायसन्स आणि मालमत्ता कराची पावती यांसह नगरपालिकेच्या कमिशनरकडे लेखी म्हणणे देऊन सुनावणी मागणे, कारण बाजू ऐकल्याशिवाय दंड करू नये हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व येथेही लागू होते. त्यानंतरचा मार्ग उच्च न्यायालयात रिट याचिकेचा. परंतु हैदराबाद आदिलाबादहून सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे, आणि वकिलाचा खर्च पाटीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. हे नगरपालिकाही जाणते आणि दुकानदारही, म्हणूनच असे बहुतेक वाद कायद्याने न सुटता कंटाळ्याने मिटतात. एकट्याने लढण्यापेक्षा बाजारातल्या व्यापारी संघटनेने एकच प्रातिनिधिक प्रकरण लढवावे, हे शहाणपण मुंबई-हैदराबादच्या संघटनांच्या अनुभवातून शिकण्यासारखे आहे, मग त्यांना त्यात यश आले असो वा अपयश.

नगरपालिकेलाही यात स्वार्थ आहे. गच्चीवरचे सांगाडे, प्रकाशित फलक आणि सार्वजनिक खांब यांच्यावर परवानगी व तपासणी कडक ठेवून, स्वतःच्या भिंतीवरच्या, ठरीव मापातल्या, तेलुगूसह अन्य भाषेतल्या नामफलकाला परवानगी आणि शुल्क या दोहोंतून मोकळे करणारे एक पानी कोष्टक तिने नगरपालिकेच्या दारावर लावले, तर नोटिशींची संख्या घटेल आणि मोजके कर्मचारी धोकादायक लोखंडाकडे वळवता येतील. नाव सांगण्याचा हक्क दुकानदाराचा, आणि रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावर काय लटकते हे पाहण्याचा अधिकार नगरपालिकेचा, एवढी वाटणी स्पष्ट लिहिली गेली तर उरलेल्या वादासाठी न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ क्वचितच येईल.